माझ्या खुणेची अकरा लुगडी

२ नोव्हेंबर १९५४, तांडापेठ

वकीलसाहेबांनी सांगितलं म्हणून लिहायला घेतलं. "महादेवराव, रोज काय झालं ते तारखेनिशी टिपून ठेवा. कुठं दुखलं, डॉक्टर काय म्हणाले, काम किती दिवस बुडालं. दोन ओळी पुरेत." चौथी पास आहे, उजवा हात शाबूत आहे, दोन ओळींना काय लागतं! माझ्या बायकोनं, भागीनं, जुन्या वह्यांचे कोरे ताव काढले आणि मागाच्याच सुतानं शिवून दिले.

तर दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी गोळीबार चौकाजवळ एका ठेकेदाराच्या मोटारीनं मला उडवलं. मी माझ्या बाजूनं चाललो होतो, पाहणारे दोघं आहेत. डावा हात दोन ठिकाणी मोडला, डावा पाय एका. धंतोलीच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. उजव्या हातानं धोट्याची दोरी ओढायची, डाव्यानं फणी ठोकायची, खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबायच्या. त्यातलं एकच मला येतं आता. म्हणजे मजुरी बुडाली. ती ठेकेदाराकडून भरून घ्यायची आहे. व. सा. म्हणतात, मिळेल.

माग मात्र बंद नाही. हे लिहितो आहे तेव्हा खाटेपासून चार हातांवर खटाखट चालू आहे. श्रावण बसला आहे.

४ नोव्हें.

हे व. सां.ना सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं, "काम बंद?" मी म्हटलं, बंद. खोटं कुठं आहे? माझं बंदच आहे.

श्रावण म्हणजे भागीचा आतेभाऊ, उमरेडचा. तोही विणकर. बातमी कळली तशी पाचव्या दिवशी पिशवी घेऊन दारात. मागावर गांधीबागेतल्या शेठचा ताणा, म्हणजे उभं सूत, चढलेला, एक लुगडं उतरलेलं, पाच बाकी. विणकर आजारी पडला की मुनीम ताणा काढून दुसऱ्याला देतो, आणि गेलेला ताणा परत येत नाही. म्हणून भागी गांधीबागेत जाऊन मुनीमाला सांगून आली, "पायाले लागलं जराकसं, पण बसून विणून राहिले." मोडलेल्या हाताचं नाव काढलं नाही. आणि श्रावण बसला.

ताणा ज्याच्या नावानं दुकानातून आला त्याच्या नावावर लुगडं जमा. बाप आजारी पडला, पोरगा बसला, तरी नाव बापाचंच. ह्याला आमच्या गल्लीत कुणी लबाडी म्हणत नाही.

खूणही तो माझीच घालतो. पदराच्या शेवटी दोन तांबडे धागे, एक पांढरा, दोन तांबडे. माझ्या बापाची खूण. त्याची स्वतःची पिवळ्या तीन धाग्यांची आहे. मी विचारलं तर म्हणाला, "तुमच्या मागावर तुमचीच खूण, भाऊजी. माझी कायले?"

एवढं चांगलं वागायची काय गरज आहे?

५ नोव्हें.

पाय ठणकला. (हे व. सां.साठी.)

आतेभाऊ म्हणजे लग्नाला पहिला हक्क. भागीचं आधी ह्याच्याशीच ठरत होतं. मग माझ्याशी झालं. का बदललं ते बारा वर्षांत कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्याची बायको दोन वर्षांमागे वारली, मूलबाळ नाही. भागी त्याला दादा म्हणते. लग्नाआधी म्हणत नव्हती, असं तिच्याच आईनं एकदा सांगितलं होतं. आता म्हणते ते मला ऐकू यावं म्हणून म्हणते की काय.

९ नोव्हें.

दिवसभर आढ्याकडे बघत पडायचं आणि त्याचा माग ऐकायचा. माझा माग थांबत थांबत चालतो. धागा तुटतो, मी शिवी देतो, सांधतो, तंबाखू मळतो. ह्याचा सरळ चालतो. शेजारची सीताबाई कुंपणावरून म्हणते, "भागे, तुह्या घरचा माग आताशा कसा गोड वाजून राहिला वं!" भागी हसली. मी खोकलो. मी आहे हे कुणाला तरी कळायला हवं.

धोट्यातल्या सुताच्या कांड्या भागीच भरते. माझ्या वेळी "थांबा, हात दोनच आहेत मले" असं ऐकायला मिळायचं. ह्याची कांडी संपायच्या आत दुसरी तयार असते. मी मोजून पाहिलं, दिवसभरात एकदाही तो थांबला नाही.

१४ नोव्हें.

पाचही लुगडी उतरली. मी असतो तर अजून तिसऱ्यावर असतो. भागी गाठोडं घेऊन गांधीबागेत गेली, मजुरी घेऊन आली, नवा ताणा सहा लुगड्यांचा.

श्रा. मजुरीतलं काही घेत नाही. दोन वेळचं जेवतो. भाकऱ्या चार. भागी आधी त्याला वाढते, त्याला कामावर बसायचं असतं म्हणून. बरोबर आहे. मला कुठं बसायचं आहे? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते ह्याला लागू नाही, कारण बिळात बसून राबतोही तोच. तरी मला तीच म्हण आठवते.

आज चौथी भाकरी त्यानं अर्धी परत ठेवली. मी मोजतो हे त्याला कळलं असेल का?

२१ नोव्हें.

आज मी केलं ते लिहू नये असं आहे. लिहितो.

श्रा. बाहेर गेला तेव्हा भागीला म्हटलं, उतरलेलं लुगडं दे जरा, पाहू दे. मांडीवर घेऊन पदर तपासला. दोन तांबडे, एक पांढरा, दोन तांबडे. मग काठ तपासला. मग उलटं करून, डोळ्याशी नेऊन. कुठंतरी पिवळा धागा सापडेल म्हणून. एक जरी सापडला असता तरी उठून गल्लीभर सांगितलं असतं की बघा, माझ्या मागावर बसून स्वतःची खूण घालतो.

नाही सापडला. काठाची करवत अशी, की प्रत्येक दात मोजून कापल्यासारखा. असा काठ माझा बाप विणायचा. मी नाही.

चोर सापडला असता तर मला फार बरं वाटलं असतं.

१ डिसेंबर

मुनीम आला. गल्लीत दुसऱ्याकडे आला होता, डोकावला. श्रा. नाईक तलावाकडे गेलेला. मी खाटेवर टेकून, घोंगडी गळ्यापर्यंत. हात दिसू दिला नाही.

मुनीम म्हणाला, "क्या महादेव! बिमारीत तर हात एकदम साफ झाला तुझा. शेठजींनी काठ पाहिला अन् मले म्हणे, हा कोणाचा माल? मी सांगतलं, आपल्या महादेवचा. तुझाच हात ना बाबा हा?"

मला एवढंच म्हणायचं होतं की हो, माल माझ्या मागाचा आहे. तोंडातून आलं, "माझाच हात. बापानं शिकवलेला. आजवर घाईत काढत होतो, आता सवडीनं विणून राहिलो."

कोपऱ्यात भागीचा कांड्या भरायचा रहाट फिरत होता, तो थांबला. मग परत सुरू झाला.

मुनीम म्हणाला, शेठजी पुढचा ताणा बारीक सुताचा देणार. मजुरी जास्त. असा ताणा आमच्या गल्लीत दोघांकडेच आहे. अकरा वर्षं त्याची वाट पाहिली आणि आला तो असा.

२ डिसें.

भागी माझं ताट ठेवते आणि रहाटाकडे वळते. शेवटी सांजेला म्हणाली, "त्याचं नाव घेतलं असतं तर तुमची जीभ झडली असती का?"

म्हटलं, "ताणा गेला असता."

"ताण्यासाठी नाही बोलले तुम्ही. मी पाह्यलं तुमचं तोंड."

श्रा.ला तिनंच सांगितलं असणार. तो हसला! "बरं केलं भाऊजी. ताणा तर वाचला." शिव्या दिल्या असत्या तर मी त्याला भाऊ म्हटलं असतं.

११ डिसें.

धंतोली. प्लास्टर कापलं. हात वाळक्या लाकडासारखा. बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणाले दोन-तीन महिने चोळा, मग बघू. पाय ठीक, काठी घेऊन चालता येतं. व. सां.कडेही जाऊन आलो. ठेकेदाराला नोटीस जाणार. म्हणाले, "वही लिहिता ना?" म्हटलं, लिहितो थोडं. थोडं!

२२ डिसें.

दुसऱ्या ताण्याचीही सहा उतरली. एकूण अकरा. बारीक सुताचा ताणा आला, सांधून झाला. मी सांधला, उजव्या हातानं आणि दातांनी. तेवढं तरी माझं.

दुपारी श्रा. उमरेडच्या मोटारीची चौकशी करायला गेला, तेव्हा मी मागावर बसलो. दोन महिन्यांनी. वीतभर विणलं. डाव्या हातानं फणी ठोकतो ती कधी जोरात बसते, कधी नाहीच. काठ उंदरानं कुरतडल्यासारखा. उतरलो, खाटेवर येऊन भिंतीकडे तोंड करून पडलो.

२३ डिसें.

उजाडलं तेव्हा माग वाजत होता. उठून पाहिलं तर माझी वीत गायब. उकलून परत विणली होती. सरळ. माझीच खूण लागेल त्या पदराकडे जाणारी.

मी म्हटलं, "तुले कोणं सांगतलं होतं?"

"धागा ढिला होता, भाऊजी. तुमाले दिसला नसन."

"मले सगळं दिसते. तुझं काम झालं आता. जाय गा तू उमरेडले."

तो खड्ड्यातून वर आला, हात पुसले, पिशवी घेतली. भागीनं फडक्यात भाकऱ्या बांधल्या, चार. दारापाशी त्याला म्हणाली, "दादा, मनावर घेऊ नको." तो म्हणाला, "आजारी माणूस हाये वं तो."

गरज सरो वैद्य मरो. माझ्या बाबतीत कुणी म्हणण्याआधी मीच लिहून ठेवतो.

१४ जानेवारी १९५५

संक्रांत. मी विणलेलं पहिलं बारीक लुगडं मुनीमानं परत पाठवलं. निरोप, "पहलेवाला हात कुठी गेला?" मी सांगून पाठवलं, थंडीनं बोटं आखडतात.

तीळगूळ देता देता भागी म्हणाली, "श्रावणदादाचा माग दोन महिन्यांवर बंद होता. त्याचा ताणा दुसऱ्यानं नेला म्हणते. आता दुसऱ्याच्या घरी रोजीनं बसते तो."

मी कधी विचारलंच नव्हतं. तो माझ्या मागावर बसला म्हणजे स्वतःच्या मागावर बसला नाही, हे साधं गणित मला भाकऱ्या मोजताना सुचलं नाही.

ठरवलं. ठेकेदाराकडून मजुरी मिळाली की सगळी त्याच्या हातावर ठेवायची. खरं सांगायचं तर प्रेमानं नाही. त्याचं देणं एकदाचं फिटावं आणि भागीनं त्याचं नाव घेतलं की मला खाली बघावं लागू नये म्हणून. पण ठेवायची, हे नक्की.

२९ जाने.

नोटिशीला उत्तर आलं. व. सां.नी वाचून दाखवलं. ठेकेदाराच्या वकिलानं शेठच्या दुकानात चौकशी केली. ऑक्टोबर ते डिसेंबर महादेवच्या नावावर अकरा लुगडी जमा, पदरावर महादेवची खूण, मजुरी उचललेली. वर मुनीमाचा जबाब : खुद्द महादेवनं तोंडानं सांगितलं की माझाच हात. सबब मजुरी बुडालेलीच नाही.

व. सा. चष्मा काढून म्हणाले, "मला म्हणालात काम बंद, मुनीमाला म्हणालात चालू. कोर्टानं ह्यातला कुठला महादेव खरा धरायचा?"

मग सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "दुसरा माणूस तुमच्या जागी फुकट बसला म्हणजे तुमची मजुरी बुडाली नाही असं होत नाही. ते मी लढवीन. पण बसला तो, तुम्ही नव्हे, हे सिद्ध व्हायला हवं."

"श्रावण येईल सांगायला. बोलावलं की येईल." (येईलच. तेच तर.)

"नात्यातला माणूस. शिकवून आणला म्हणतील. त्या त्या दिवशी लिहिलेलं असलं तर गोष्ट वेगळी. वही आहे ना तुमची? त्यात आहे का, आज श्रावणनं विणलं म्हणून?"

आहे, असं बोलून गेलो.

"मग काम झालं! सोमवारी ७ तारखेला त्यांचे वकील येताहेत बोलणीला. वही आणा, श्रावणलाही आणा. त्याच्यासमोर वाचू, तारखा त्याच्याकडून पडताळून घेऊ. आणि हो, एकही पान फाडायचं नाही. फाटकी वही म्हणजे रद्दी."

४ फेब्रुवारी

पूर्ण वही वाचून काढली. श्रावणनं काय विणलं ते आहे, तारखेनिशी. पाच उतरली, सहा उतरली, सगळं. आणि त्याच पानावर भाकऱ्या. त्याच पानावर लग्नाआधी दादा म्हणत नव्हती. त्याच पानावर मी पदर उलटून चोर शोधतो आहे.

२१ नोव्हेंबरचं पान फाडून पाहावं म्हणून शिवण हलवली. तर मागून २२ डिसेंबरचं सुटायला लागलं. एकाच तावाची दोन टोकं. अकरा उतरली ते पान. भागीची शिवण, विणकराची गाठ, तिनं दोन्ही एकत्र बांधून ठेवलंय. सोडून दिलं.

भागीनं पाहिलं. म्हणाली, "सुटून राहिलं का? आणा, घट्ट करून देते."

तिला अक्षर लावून लावून वाचता येतं. वही तिच्या हातात अर्धा तास होती. शिवली, दात लावून सूत तोडलं, वही माझ्या पुढ्यात ठेवली आणि चूल पेटवायला गेली.

६ फेब्रु.

श्रा. आला. व. सां.चा निरोप मिळाला तसा, एका दिवसाची रोजी पाडून. धुतलेला सदरा वेगळा आणलाय उद्यासाठी. मी जा म्हटलं होतं त्याचा काही मागमूस चेहऱ्यावर नाही. आल्या आल्या मागाकडे गेला, ताण्यावरून बोटं फिरवली. म्हणाला, "बोटं सुधरून राहिली तुमची, भाऊजी. काठ सरळ येऊन राहिला."

येत नाही आहे. मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे.

भागीनं त्याला वाढलं. मी म्हटलं, "अजून एक दे त्याले." भागीनं माझ्याकडे पाहिलं. मी भाजीकडे पाहिलं.

७ फेब्रु. सकाळ

दहाला धंतोलीत व. सां.कडे पोचायचं आहे.

चहा घेताना श्रा.नं वहीकडे बोट केलं. "हेच का पुस्तक? वकिलानं निरोपात सांगतलं, त्याच्यात माझंबी नाव हाये म्हणून."

"आहे."

"लय वेळा?"

"लय वेळा."

तो लाजला. चाळिशीला आलेला माणूस लाजतो कसा ते मी आज पाहिलं. म्हणाला, "भाऊजी, तिथं चार लोकांत वकिलाच्या तोंडून ऐकण्यापरीस तुमीच वाचून दाखवा ना. मले कुठी वाचता येते. पण माझं नाव आजलोक कोणं कुठंच लिवलं नाई. लुगड्यावरबी नाई. आंघोळ करून येतो, मंग बसू." आणि धुतलेला सदरा खांद्यावर टाकून मोरीकडे गेला.

भागी चुलीपाशी. पाठ माझ्याकडे. म्हणाली, "वाचा. सगळं वाचा. मधलं गाळू नका, मले माहीत हाये कुठी काय आहे ते."

नाही वाचली आणि नाही नेली तर ठेकेदार सुटला. मजुरी गेली, त्याच्या हातावर ठेवायला काही नाही, आणि अकरा लुगडी कायमची माझी. मुनीम, शेठ, गल्ली, सगळ्यांकडे महादेवचा हात. वाचली तर

पाणी ओतल्याचा आवाज येतो आहे. अंग पुसेल, सदरा घालेल, खाटेच्या ह्याच कडेला बसेल. मी पहिलं पान उघडून ठेवलं आहे. पहिल्या पानावर त्याचं नाव अगदी शेवटी आहे, "श्रावण बसला आहे." तिथपर्यंत काही नाही. तिथपर्यंत मी वाचू शकतो.

आवाज थांबला.